एकशेवीस पानांचा संच आणि सोलापूरची फेरी

सोलापूर म्हटलें कीं बहुतेक गृहिणींच्या डोळ्यांपुढें प्रथम चादर उभी राहते आणि मागाहून शेंगांची चटणी. इतिहासाची गोडी असणारांस १९३० सालचा मार्शल लॉ आठवतो. भाविकांस तळ्याच्या मधोमध उभें असलेलें सिद्धेश्वराचें देऊळ. यात्रेकरू तेथें उतरून पुढें तुळजापूर किंवा अक्कलकोट गांठतात. मी गेल्या पौषांत सोलापुरास गेलों तो यांपैकीं कोणत्याही हेतूनें नव्हे. घरांतील एक जुना, वापरून वापरून गुळगुळीत झालेला आणि अंगावर दहा-अकरा खोडी बाळगणारा खेळ विकावयाचा होता, व त्याचें गिऱ्हाईक सोलापुरांत होतें. जुनी वस्तु विकणें ही गोष्ट आपल्या घरांतून अद्याप किंचित् चोरटेपणानेंच केली जाते; तिच्याविषयीं उघडपणें लिहिण्याची पद्धत नाहीं. परंतु हल्लीं गांवोगांव वाडे पाडले जात आहेत, माळ्यांवरच्या पेट्या खालीं येत आहेत, आणि त्यांतील वस्तूंचें काय करावें हा प्रश्न अनेक कुटुंबांपुढें उभा आहे. म्हणून या प्रवासाची हकीकत, त्यांत पाहिलेल्या शहरासह, वाचकांपुढें ठेवीत आहें.

हा खेळ म्हणजे दशावतारी गंजिफा. पेटी साध्या लांकडाची, वर लाखेचा तांबडा रंग आणि झांकणावर वेलबुट्टी. आंत तळहातांत मावतील अशीं वाटोळीं पानें. पत्ते म्हणजे बावन्न आणि चौकोनी, एवढेंच ज्यांस ठाऊक आहे त्या मुलांसाठीं येथें थोडा खुलासा केला पाहिजे. गंजिफांचा खेळ इराणाकडून आपल्याकडे आला. बाबरानें १५२७ सालीं सिंधच्या शाह हसनास गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रांत आहे. अबुल फजलानें आपल्या 'आईन-इ-अकबरी'मध्यें अकबराच्या दरबारांतील बारा रंगांच्या, म्हणजे १४४ पानांच्या संचाचें वर्णन केलें आहे. पुढें आठ रंगांचा, ९६ पानांचा मोगली संच रूढ झाला, आणि आपल्या लोकांनीं त्याच खेळास दशावतारांचा साज चढविला. दहा अवतार म्हणून दहा रंग. प्रत्येक रंगांत एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानें. बारा दाहे वीसाशें. यांत हुकूम नसतो. निम्म्या रंगांत दश्शी थोर आणि एक्का कनिष्ठ; उरलेल्या निम्म्या रंगांत एक्का थोर आणि दश्शी कनिष्ठ. दिवसा खेळावयाचें तर रामाच्या राजापासून आरंभ, रात्रीं खेळावयाचें तर कृष्णाच्या. तिघे बसले कीं प्रत्येकाच्या वांट्यास चाळीस पानें येतात, आणि कोणतीं पानें पडून गेलीं हें ज्याला आठवतें तोच जिंकतो. नशिबापेक्षां स्मरणाचा हा खेळ आहे, म्हणूनच कदाचित् तो म्हाताऱ्यांच्या हातीं अधिक शोभे.

आपल्याकडे या पानांचें माहेर सावंतवाडी. कागदाचे किंवा कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीनें चिकटवावयाचे, वाळवून वाटोळे कापावयाचे, त्यांवर पांढरा लेप देऊन चित्र काढावयाचें, आणि शेवटीं लाखेचा हात फिरवावयाचा, असा तेथील चितारी लोकांचा परिपाठ. विसाव्या शतकाच्या मध्यास ही कला बुडण्याच्या बेतास आली होती. सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनीं उरल्यासुरल्या जाणत्या हातांकडून ती पुन्हां शिकून व शिकवून घेतली, आणि राजवाड्यांत अद्यापही हीं पानें रंगविलीं जातात.

आमचा संच माझ्या पणजोबांनीं सावंतवाडीहून पुण्यास आणला. त्यांतील नववा अवतार ध्यानस्थ बुद्ध नसून कमरेवर हात ठेवून विटेवर उभा राहिलेला विठोबा आहे. जुन्या मराठी चित्रांतून असा फेरबदल पुष्कळदां आढळतो. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून पुण्यांत पूर आला, तेव्हां आमच्या नारायण पेठेंतील वाड्याचा तळमजला पाण्यांत गेला, आणि फडताळाच्या खालच्या खणांत असलेली ही पेटीही त्यांत भिजली. दोन दिवसांनीं पानें एकेक करून माडीवर वाळत घातलीं. कित्येकांवर गढूळ पाण्याच्या रेषा कायमच्या उमटल्या, कांहींची लाख तडकली, आणि मोजतांना एक पान कमी भरलें. तें पान म्हणजे कूर्माची सत्ती. माझी आत्या तेव्हां तेरा वर्षांची होती. तिनें वहीच्या पुठ्ठ्याचा वाटोळा तुकडा कापला, त्यावर सात कासवें काढलीं, पाठ तांबड्या शाईनें रंगविली आणि संच पुरा केला. सातांपैकीं एका कासवाचें तोंड उलट्या दिशेस झालें आहे, तें तसेंच राहिलें. त्या पुठ्ठ्याच्या सत्तीवर आमच्या घरानें पुढें साठ वर्षें डाव मांडले. तिची पाठ इतर पानांहून वेगळी दिसे, त्यामुळें ती कोणाच्या हातांत आहे हें सर्वांस कळे. म्हणून घरांत एक नियम झाला होता कीं, ज्याच्याकडे ती सत्ती असेल त्याच्या हाताकडे कोणीं पाहावयाचें नाहीं.

आतां तो वाडा पाडावयाचें ठरलें. चार बिऱ्हाडें चार ठिकाणीं जाणार. भांडीं वांटलीं गेलीं, देव्हाऱ्यांतील टांक वांटले गेले. पण ही पेटी वांटावयाची कशी? प्रत्येकीं तीस पानें घ्यावीं, असें माझा धाकटा चुलतभाऊ थट्टेनें म्हणाला. थट्टा असली तरी प्रश्न खरा होता. कारण तीस पानें म्हणजे संचाचा चवथा हिस्सा नव्हे, तो कांहींच नव्हे. शेवटीं संच विकावा आणि येणारी रक्कम आत्याच्या नांवें ठेवावी, असें सर्वांनुमतें ठरलें. कारण हा खेळ शेवटपर्यंत जाणणारी घरांत तीच एक उरली आहे.

गिऱ्हाइकें दोन मिळालीं. एक मुंबईचे व्यापारी. त्यांनीं छायाचित्रें पाहून रक्कम बरी सांगितली. पण ते संच अखंड ठेवणार नव्हते. चांगलीं चांगलीं पानें निवडून, दोन दोन किंवा चार चार कांचेच्या चौकटींत बसवून दिवाणखान्याच्या भिंतींसाठीं विकावयाचीं आणि डागी पानें टाकून द्यावयाचीं, असा त्यांचा विचार. दुसरे गिऱ्हाईक सोलापूरचे एक निवृत्त चित्रकला-शिक्षक. त्यांस संच खेळावयास हवा होता. माझ्या वडील बंधूंचें मत पडलें कीं सोलापुरास जावें, परंतु पुठ्ठ्याच्या पानाचा उल्लेख आधींच करूं नये. पान सुबक आहे, पाहणाऱ्याच्या लक्षांत आलें तर पाहतां येईल. आत्यानें एवढेंच म्हटलें, "दादा, मुलगी दाखवतांना चष्मा काढून ठेवतात, तसलें मला चालायचें नाहीं. यादी लिहा." आणि एका संध्याकाळीं सबंध संच समोर मांडून तिनें माझ्याकडून खोडींची यादी लिहवून घेतली. अकरा कलमें झालीं. पहिलें कलम पुठ्ठ्याच्या सत्तीचें होतें.

पुण्याहून सोलापूर लोहमार्गानें अडीचशे किलोमीटरांहून थोडें अधिक. संध्याकाळीं सुटणारी हुतात्मा एक्स्प्रेस रात्रीं दहाच्या सुमारास तेथें पोंचते. गाडीच्या नांवांतच त्या शहराचा एक अध्याय आहे. मे १९३० मध्यें गांधीजींच्या अटकेची वार्ता येतांच सोलापूर पेटलें, गोळीबार झाला, सरकारनें लष्करी कायदा पुकारला. पुढें १२ जानेवारी १९३१ रोजीं मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांस येरवड्याच्या तुरुंगांत फांशी देण्यांत आलें. नांवें वाचलीं तरी चौघे चार निरनिराळ्या समाजांतले हें ध्यानांत येतें. दौंड मागें पडेपर्यंत बाहेर मिट्ट काळोख झाला होता. कुर्डुवाडीस डब्यांत कोरडी थंडी शिरली. मांडीवर पेटी घेऊन बसलेल्या मला समोरच्या गृहस्थांनीं, "देव आहेत काय?" असें विचारलें. "दहा आहेत," असें मीं उत्तर दिलें, आणि तें खोटें नव्हतें.

रात्र मावसबहिणीकडे काढून सकाळीं लवकर बाहेर पडलों. भेट दुपारची ठरली होती. सोलापुरांत नव्या माणसानें प्रथम सिद्धेश्वराच्या तळ्यावर जावें. बाराव्या शतकांत सिद्धरामेश्वर येथें होऊन गेले. ते बसवेश्वरांचे समकालीन. त्यांची वचनें कानडींत आहेत, आणि या गांवाचें तेव्हांचें नांव सोन्नलगी. लोकांकडून तळें खोदविणारा आणि गांवाभोवतीं अडुसष्ट लिंगें स्थापन करणारा हा योगी सोलापूरकरांचें ग्रामदैवत होऊन बसला आहे. मी गेलों तेव्हां संक्रांतीची गड्ड्याची यात्रा तोंडावर आली होती. उंचच उंच नंदीध्वज पेलण्याचा सराव करणारे तरुण रस्त्यांत दिसत होते. तळ्याच्या एका कांठास भुईकोट किल्ल्याची तटबंदी आहे. मे १८१८ मध्यें पेशव्यांच्या फौजेनें इंग्रजांशीं शेवटचा मोठा सामना दिला तो येथेंच. आज त्या तटाआड बाग आहे आणि मुलें पळापळ करतात.

किल्ल्यापासून शहरांत शिरलें कीं कान सावध होतात. एका दुकानापुढें मराठी, पलीकडे कानडी, विणकरांच्या वस्तींत तेलुगू, कोपऱ्यावर दखनी उर्दू. आणि बोलणाऱ्यांस भाषा बदलली याची जाणीवही नाहीं. हा मेळ जुळविला तो कापसानें आणि सुतानें. १८७७ सालीं येथें पहिली कापडगिरणी निघाली, लोक तिला जुनी मिल म्हणत. पाठोपाठ नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णु अशा गिरण्या उभ्या राहिल्या, आणि तेलंगणाकडून पद्मशाली विणकरांचीं कुटुंबेंच्या कुटुंबें येथें येऊन स्थायिक झालीं. एके काळीं गिरण्यांच्या भोंग्यांवर या शहराचा दिवस चाले. त्या गिरण्या आज बंद आहेत. तरी शहर विणावयाचें थांबलें नाहीं. घरोघरच्या यंत्रमागांवर चादरी आणि टॉवेल निघतातच. सोलापुरी चादरीस २००५ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें.

चाटी गल्लींत मावसबहिणीच्या सांगण्यावरून दोन चादरी घ्यावयास गेलों. सोलापुरी चादरीची मौज अशी कीं, एका बाजूस जी रंगसंगति तिच्या उलट दुसऱ्या बाजूस. जमिनीचा रंग नक्षीस जातो आणि नक्षीचा जमिनीस. दुकानदारानें चार चादरी टाकल्या. त्यांतील एक मला आवडली, तेव्हां तो आपण होऊन ती उलटी करून म्हणाला, "ही नका घेऊ हो. हितं बघा की, धागा सुटलाय. घ्यायचीच असली तर कमी पैशांत देतो, पण चांगली म्हणून देणार नाही." धागा इतका बारीक कीं त्यानें बोट ठेवल्यावांचून मला दिसला नसता. मीं विचारलें, "न सांगतां खपली असती कीं!" तो हांसून म्हणाला, "एक खपली असती. मग तुम्ही दुसरी घ्यायला येता होय?" आत्याची यादी माझ्या खिशांत होती. ती लिहितांना माझ्या मनांत थोडी धाकधूक होती. या सुटलेल्या धाग्यानें ती गेली. चादर घेतली ती तीच.

दुपारीं उत्तर कसब्यांतील गुरुजींच्या घरीं गेलों. माळवदाचें जुनें घर, पुढें सोपा, भिंतींत खोल कोनाडे. कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि दही पुढें आलें. व्यवहाराचें बोलणें पोटांत कांहीं गेल्यावांचून करावयाचें नाहीं, असा त्या घरचा नियम दिसला. मग गुरुजींनीं कपाट उघडलें. सोंगट्यांचे पट, कवड्या, फांसे, चितारलेला बुद्धिबळाचा पट, आणि एका कोपऱ्यांत चामड्यानें मढविलेली एक विलायती पेटी. तींत पांढऱ्या, तांबड्या व निळ्या रंगांच्या दोनशें चकत्या उभ्या रांगांत बसविलेल्या होत्या. पाश्चात्य देशांत पोकर म्हणून पत्त्यांचा एक पैजेचा खेळ आहे; त्यांत प्रत्यक्ष नाण्यांऐवजीं या चकत्या पुढें सरकवितात. जुन्या चकत्या एका प्रकारच्या मातीच्या मिश्रणाच्या असत, आणि त्यांचे संच जमविणारे हौशी लोक तिकडे पुष्कळ आहेत.

"आमच्याकडे पैज लागत नाहीं," गुरुजी हांसत म्हणाले, "नातू यांवर बेरीज-वजाबाकी शिकला. पण ही पेटी मीं घेतली ती चकत्यांसाठीं नव्हे, या कागदासाठीं." असें म्हणून त्यांनीं झांकणाच्या आंतून एक घडी काढली. विकणारानें लिहिलें होतें : तीन चकत्यांच्या कांठांचे टवके उडाले आहेत, एक निळी चकती दुसऱ्या संचांतील आहे, पेटीचें बिजागर सैल आहे, तांबड्या चकत्यांचा रंग उन्हानें फिका झाला असून तो तेल चोळून झांकलेला नाहीं. शेवटच्या वाक्यावर गुरुजींनीं बोट ठेवलें. जुन्या चकतीस तेल लावलें कीं ती कांहीं दिवस नव्यासारखी दिसते. मग रंग पुन्हां फिका पडतो आणि घेणाराचा विश्वास उडतो. कांठ किती धारदार राहिला आहे यावरून चकती किती खेळली गेली हें जाणते ओळखतात, आणि कांठास तेल लावून धार येत नाहीं. "ज्यानें एवढें सांगितलें, त्यानें सांगितलें नाहीं असें कांहीं उरलें नसेल, एवढी माझी खात्री पटली," ते म्हणाले.

मीं यादी पुढें केली. त्यांनीं ती दोनदां वाचली. नंतर पांढरें धोतर अंथरून एकशेवीस पानें त्यावर पालथीं मांडलीं. चित्रें पाहण्यापूर्वीं पाठी कां, असें मीं विचारलें. त्यावर त्यांनीं जें सांगितलें तें जुने खेळ बाळगणाऱ्या प्रत्येकानें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. भिंतीवर लावणारास चेहऱ्यावरचा डाग खुपतो; खेळणारास पाठीवरचा. चेहऱ्यावर पुराची रेघ असली तर खेळास कांहीं बाध येत नाहीं. परंतु पाठीवर ओरखडा असला कीं तें पान प्रतिस्पर्ध्यास दुरूनच ओळखूं येतें, आणि डाव उघडा पडतो. म्हणजे खोड लहान कीं मोठी हें वस्तूवरून ठरत नाहीं. ती घेणारा तिचें काय करणार यावरून ठरतें. आमच्या यादींतील अकरांपैकीं सात खोडी चेहऱ्यावरच्या होत्या. त्या गुरुजींनीं हिशेबांत धरल्याच नाहींत. ज्या सुबक दिसणाऱ्या तीन पानांच्या पाठीवरील लाख तडकली होती, त्यांवर मात्र त्यांनीं बराच वेळ भिंग धरलें. पुठ्ठ्याची सत्ती त्यांनीं सर्वांत शेवटीं उचलली, उलटें तोंड केलेलें कासव पाहिलें, आणि कांहीं न बोलतां जागच्या जागीं ठेवली.

मग त्यांनीं आंकडा सांगितला. तो आमच्या अपेक्षेहून सुमारें एक पंचमांशानें कमी होता, आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या आंकड्याहून तर बराच कमी. "अस्सल पानें ११९ आहेत, तीन पाठी सांगतात, आणि मी निवृत्तिवेतनावर जगणारा मनुष्य आहें," इतकेंच कारण त्यांनीं दिलें. घासाघीस करण्याचा माझा स्वभाव नाहीं. शिवाय रक्कम आत्याची, तेव्हां कमी-अधिक करण्याचा अधिकारही तिचाच. मीं सोप्यांतून पुण्यास फोन लावला व दोन्ही आंकडे सांगितले.

आत्यानें पैशांविषयीं कांहीं विचारलें नाहीं. "घरांत खेळणारीं किती जणं?" एवढाच तिचा प्रश्न.

"गुरुजी, काकू, सून आणि नातू. चौघें."

"मग देऊन टाक."

गुरुजींनीं खूण केली म्हणून मीं आणखी एक गोष्ट तिच्या कानांवर घातली. सावंतवाडीस मागणी कळवून कूर्माची सत्ती नवी रंगवून घेतां येईल. तशी घेतल्यास पुठ्ठ्याचें पान ते तिला टपालानें परत पाठवूं इच्छीत होते. फोनवर थोडा वेळ शांतता झाली. नंतर ती म्हणाली, "नवं येईपर्यंत त्यांचा डाव अडेल ना? राहूं दे तें तिथंच. माझ्याकडे एक पान येऊन मी काय करूं?" 

व्यवहार तेथें संपला. पैशांची पावती झाली. यादीच्या खालीं दोघांनीं सह्या केल्या व तिची एक प्रत पेटींत गेली. दिवेलागणी झाली होती, म्हणून गुरुजींनीं कृष्णाच्या राजापासून डाव मांडला. गुरुजी, त्यांचा दहा-अकरा वर्षांचा नातू आणि मी असे तिघे बसलों. दहा-बारा हात झाले नाहींत तोंच नातू ओरडला, "आजोबा, ती पुठ्ठ्याची तुमच्याकडे आहे!" तेव्हां मीं त्याला आमच्या घरचा नियम सांगितला. त्यानें तो गंभीरपणें ऐकून घेतला आणि पुढील सर्व वेळ तोंड भिंतीकडे फिरवून बसला. त्यामुळें त्याचा स्वतःचा डाव बिघडला, पण नियम मोडला नाहीं.

पुण्यास परत आल्यावर वडील बंधूंनीं आंकडा ऐकून, "यादी न नेतास तर एवढे कमी झाले नसते," असें म्हटलें. तें खरेंही असेल. पण मुंबईकरांच्या जास्त पैशांत संच मोडून विकला जाण्याची किंमत धरलेली होती, आणि सोलापुरांतील कमी पैशांत तो खेळता राहण्याची. या दोहोंत निवड करण्याचा हक्क जिचा होता, तिनें ती निवड एका प्रश्नांत केली. महिन्याभरानें गुरुजींचें पत्र आलें. त्यांत यादीस जोडण्यासाठीं बारावें कलम लिहिलेलें होतें : वराहाची तिरी, चेहऱ्यावर चहाचा डाग, नातवाकडून. आत्यानें तें मला दोनदां वाचावयास लावलें.

ज्या घरांत असे जुने खेळ असतील त्यांस अनुभवानें दोन शब्द सांगावेसे वाटतात. प्रथम संच मोजून पाहावा, आणि अपुरा निघाला तरी टाकूं नये. घरांत कोणीं बदली सोंगटी किंवा पान केलेलें असेल तर तें संचाबरोबरच ठेवावें. जुन्या लाखेवर ओला फडका किंवा तेल फिरवूं नये. कोरड्या मऊ कपड्यानें धूळ तेवढी झटकावी. १९७२ च्या पुरावस्तुविषयक कायद्याप्रमाणें शंभर वर्षांहून जुनी कलावस्तु खासगी व्यक्तीस देशाबाहेर धाडतां येत नाहीं, आणि अशा वस्तूंचा व्यापार करणारास परवाना लागतो, हें ध्यानांत असावें. परदेशांतील नातलगानें कितीही आग्रह केला तरी या वाटेस जाऊं नये. घेणारा वस्तु मांडून ठेवणार, मोडून विकणार कीं वापरणार, हें विचारण्यांत संकोच धरूं नये. आणि खोडींची यादी घरांतील सर्वांत वडील माणसास विचारून लिहावी. ती लिहितां लिहितां ज्या गोष्टी ऐकावयास मिळतात, त्या पुढें कोणत्याही किमतीस मिळत नाहींत. आमच्या आत्यानें ती पुराची सबंध हकीकत त्या संध्याकाळीं प्रथमच सांगितली, आणि ऐकावयास त्या वेळीं चारही बिऱ्हाडें अजून एका छताखालीं होतीं.